कानस, ऐरण आणि जंटलमन

"मराठी विभागासाठी इंग्रजी कादंबरीवर लेख? आणि तीही दीडशे वर्षांहून जुनी?" विषय सांगितल्यावर आमचे विद्यार्थी-संपादक जरा वैतागलेच. मी म्हटलं, "तिच्या पहिल्याच प्रकरणात कानस आहे." संपादक मेकॅनिकलचे. क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "बरं, दे लिहून. पण सबमिशनच्या आधी."

खरोखरच आहे कानस. चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' सुरू होते ती इंग्लंडच्या केंट परगण्यात, दलदलीच्या कडेला असलेल्या एका दफनभूमीत. नाताळचा आदला दिवस. नदीत उभ्या असलेल्या तुरुंग-जहाजावरून पळालेला एक कैदी आईबापांच्या थडग्यापाशी बसलेल्या पिप नावाच्या लहानग्या पोराला पकडतो आणि दोनच गोष्टी मागतो. खायला काहीतरी, आणि पायातली बेडी कापायला कानस. पिपला कानस मिळणं सोपं, कारण तो ज्या घरात वाढतोय ते घर लोहाराचं. बहिणीचा नवरा, जो गार्जरी, हा गावचा लोहार. (मराठीत नुसतं 'जो' लिहिलं तर सर्वनाम वाटेल, आणि नात्यानेही बरोबर बसतं, म्हणून यापुढे मी त्याला 'जोदाजी' म्हणणार आहे. डिकन्ससाहेब माफ करतील!)

२०१६ साली आलेल्या 'फितूर' या हिंदी सिनेमामुळे ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्रेमकथा म्हणून माहीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये आठवीला आम्ही तिची संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. तेव्हा लक्षात राहिली ती लग्नाचा जुना पोशाख अंगावर घालून, नऊला वीस मिनिटं कमी असताना घड्याळं बंद करून बसलेली मिस हॅविशॅम, आणि तिने वाढवलेली सुंदर, थंड एस्टेला. पूर्ण कादंबरी हातात आली सेकंड इयरच्या सुट्टीत. मधल्या काळात फर्स्ट इयरचं वर्कशॉप होऊन गेलं होतं. त्यामुळे असेल, पण या वेळी मला पहिल्यांदा दिसली ती लोहाराची भट्टी. आणि मग जाणवलं की प्रेमकथा वगैरे ठीक आहे, पण हे पुस्तक मुळात हातांबद्दल आहे. कुणाचे हात खरखरीत, कुणाचे मऊ, आणि कुणाला कुणाच्या हातांची लाज वाटते, याबद्दल.

आधी थोडं लेखकाबद्दल. डिकन्सचा जन्म १८१२ चा. तो बारा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, त्याच्या वडिलांना कर्ज फेडता आलं नाही म्हणून लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं. त्याच काळात छोटा चार्ल्स बुटांचं काळं पॉलिश बनवणाऱ्या एका कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. पुढे तो इंग्लंडचा सर्वांत लाडका लेखक झाला, पण हा कारखाना त्याने जगापासून लपवून ठेवला. १८७० मध्ये तो वारल्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून लोकांना ही हकिगत कळली. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' डिकन्सने स्वतःच्याच साप्ताहिकात १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात हप्त्याहप्त्याने छापली. म्हणजे काळ्या झालेल्या हातांची लाज काय असते, हे लिहिणारा माणूस ऐकीव माहितीवर लिहीत नव्हता.

आता पिपकडे येऊ. मिस हॅविशॅमच्या वाड्यावर त्याला 'खेळायला' बोलावलं जातं. तिथे एस्टेलाबरोबर पत्त्यांचा डाव होतो. ज्या पत्त्याला एस्टेलासारखे लोक 'नेव्ह' म्हणतात, त्याला पिप साध्या घरातल्या सवयीने 'जॅक' म्हणतो. बस्स! एवढ्यावर ती त्याची टिंगल करते. मग त्याचे हात किती राकट, बूट किती जाडजूड, तेही निघतं. गंमत बघा, आज सगळं इंग्रजी जग 'जॅक'च म्हणतं. आपण मराठीत त्याच पत्त्याला 'गुलाम' म्हणतो, आणि 'नेव्ह'चा जुना अर्थही घरगडी असाच आहे. ज्या शब्दावरून पिपची लायकी काढली गेली, तो शब्द मूळचा नोकराचाच.

त्या दुपारपर्यंत पिपला आपले हात राकट आहेत हे माहीतच नव्हतं. हात होते, बस. घरी आल्यावर मात्र ते त्याला वेगळे दिसू लागतात. जोदाजीने आपल्याला जरा बऱ्या रीतीने वाढवायला हवं होतं, असंही वाटू लागतं. भट्टी तीच, ऐरण तीच, प्रेमाने वागणारा दाजीही तोच. बदलला तो फक्त पिपचा चष्मा. वर्ग म्हणजे पैसा, इस्टेट, कपडे असं आपण समजतो. डिकन्स दाखवतो की तो एखाद्या दुपारी, एखाद्या हसण्यातून माणसाच्या आत शिरतो. मग बाहेर कुणी हसायची गरज उरत नाही. आपणच आपल्याला हसत राहतो.

इथे वर्कशॉपचा विषय काढायलाच हवा. फर्स्ट इयरला आपल्या सगळ्यांना स्मिथी शॉप होतं. तापवलेला गोल बार ठोकून चौकोनी करायचा, एवढासा जॉब. माझा बार तीन वेळा भट्टीत गेला आणि तरी त्याला पाचवा कोपरा फुटला! वर्कशॉपच्या मामांनी तोच बार सांडशीत धरला, लोखंडाचा रंग पाहिला आणि मोजून आठ-दहा घाव घातले. चारही बाजू सरळ. "रंग बघायचा, ताई. लाल होऊन उपयोग नाही, पिवळट झाला की मारायचा," एवढंच म्हणाले. फोर्जिंग टेंपरेचरचं कोष्टक मी व्हायवाला पाठ म्हणून दाखवलं होतं. मामांच्या डोळ्यांत ते कोष्टक होतं.

जोदाजी असाच माणूस आहे. त्याला अक्षरओळख जेमतेम. पण नाताळच्या जेवणाच्या वेळी कैद्यांच्या शोधात निघालेले सैनिक मोडकी हातकडी घेऊन दारात येतात, तेव्हा साऱ्या पाहुण्यांमध्ये उपयोगाचा माणूस तोच एक असतो. पुढे कैदी पकडला जातो आणि पिपला वाचवण्यासाठी सांगतो की लोहाराकडचं खाणं मीच चोरलं. त्यावर जोदाजी त्याला रागावत नाही. उलट, आमच्या घरचं तुझ्या पोटात गेलं याचं वाईट वाटत नाही, उपाशी मरावंस असं आम्हाला वाटलं नसतं, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून जातो. साखळदंडातल्या माणसाशी इतक्या अदबीने बोलणारं त्या गर्दीत दुसरं कुणी नाही. जंटलमन शोधायला पिप पुढे लंडनला जातो, पण वाचकाला तो पाचव्याच प्रकरणात भेटलेला असतो.

मिस हॅविशॅम पिपला जोदाजीच्या हाताखाली शिकाऊ म्हणून ठेवताना पंचवीस गिनी देते. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, म्हणजे एकूण ५२५ शिलिंग. डिकन्सच्या बालपणीच्या मजुरीने हिशेब केला तर साधारण दीड वर्षाची कमाई! (इंजिनिअरिंगची सवय, काय करणार.) त्या भेटीत जोदाजी इतका बुजतो की ती बाई विचारते त्याला, आणि तो उत्तर देतो पिपकडे बघून. पिप मेल्याहून मेला होतो. पण पुढे जॅगर्स वकील येऊन सांगतो की कुणा अज्ञात दात्याने पिपला जंटलमन करायचं ठरवलंय, आणि शिकाऊ हातचा गेल्याची भरपाई म्हणून जोदाजीला पैसे देऊ करतो. तेव्हा हाच बुजरा माणूस सरळ नकार देतो. मुलाच्या जाण्याची किंमत होऊ शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

लंडनमध्ये पिपला हर्बर्ट पॉकेट भेटतो. पहिल्याच जेवणात हर्बर्टच्या लक्षात येतं की या मुलाला सुरी-काटा नीट धरता येत नाही. एस्टेलाला जे दिसलं होतं, अगदी तेच त्यालाही दिसतं. पण तो गोष्ट सांगता सांगता, मध्येच हसत, इथे सुरी तोंडात घालायची पद्धत नाही बरं का, असं सांगतो आणि पुन्हा गोष्टीकडे वळतो. पिपला ना रडू येतं ना राग. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कारण कॉन्व्हेंटमधून आलेल्या आमच्यासारख्यांना रोज ही निवड करावी लागते. ग्रुप डिस्कशनच्या सरावात तालुक्याच्या गावाहून आलेला एखादा हुशार मुलगा उच्चार चुकवतो. गणितात तो आमच्या दहा पावलं पुढे असतो. तो शब्द ऐकून एखादी मैत्रीण दुसरीकडे बघून हसते. त्या क्षणी एस्टेला व्हायचं की हर्बर्ट, हे इंग्रजी किती चांगलं येतं यावर अवलंबून नसतं. दोघांचंही इंग्रजी चांगलंच होतं!

आणि मग जोदाजी लंडनला भेटायला येतो. सगळ्या कादंबरीत वाचायला सर्वांत अवघड जागा हीच. ज्या पोराला मांडीवर घेतलं, त्याला तो मध्येच 'सर' म्हणतो. हातातली टोपी कुठे ठेवावी कळत नाही. ती मांडणीवर ठेवतो, ती पुन्हा पुन्हा पडते आणि तो झेलत राहतो. पिप शरमतो, चिडतो. पण निघताना जोदाजी एकदम स्वतःच्या उंचीवर येतो. म्हणतो की या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टीबाहेर मी चुकीचा दिसतो. मला बघायचं असेल तर माझ्या कामाच्या जागी, हातात हातोडा असताना येऊन बघ. त्याला दोघांतलं अंतर कळलेलं असतं, आणि त्या अंतराचा दोष तो कुणाच्याच माथी मारत नाही. बिडी नावाच्या शहाण्या मुलीने पिपला आधीच सुचवलं होतं की जोदाजीलाही स्वतःचा अभिमान असू शकतो. पिपच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. आपण ज्यांना 'बिचारे' म्हणतो त्यांना अभिमान असतो, हे लवकर लक्षात येत नाही.

पिप तेविशीत पोचतो तेव्हा एका वादळी रात्री तो अज्ञात दाता दारात उभा राहतो. मिस हॅविशॅम नव्हे, तर दलदलीतला तो कैदी, मॅगविच! जन्मठेपेवर ऑस्ट्रेलियाला पाठवलेला हा माणूस तिथे मेंढ्या पाळून श्रीमंत झाला आणि एक न् एक पैसा त्याने कानस आणून देणाऱ्या पोराला 'साहेब' करण्यासाठी पाठवला. आता इंग्लंडमध्ये परतला म्हणून सापडला तर फाशी. तरी तो आलाय, कशाला? तर आपण घडवलेला जंटलमन डोळ्यांनी बघायला. तो दोन्ही हात पुढे करतो आणि पिप शहारून मागे सरतो.

यानंतरचा एक छोटा तपशील मला पुस्तकभर कुठे सापडला नाही इतका लागला. मॅगविच पिपला परक्या भाषेतलं पुस्तक मोठ्याने वाचायला लावतो. त्याला एक शब्द कळत नसतो. तो नुसता शेकोटीजवळ उभा राहून, अभिमानाने, हे माझं पोर बघा असा चेहरा करून ऐकतो.

माझे बाबा एका कारखान्यात टर्नर आहेत. मी तिसरी-चौथीत असताना घरी पाहुणे आले की फर्मान सुटायचं, "ते इलोक्यूशनचं म्हणून दाखव." मी हातवारे करून इंग्रजी कविता म्हणायची. बाबांना त्यातलं किती कळत होतं, हा प्रश्नच नव्हता. ते खुर्चीच्या मागे उभे राहून पाहुण्यांचे चेहरे बघत. मॅगविचच्या शेकोटीपाशी मला ती खुर्ची दिसली. पण याच बाबांनी, मी वर्कशॉपला पहिल्यांदा लेथवर उभी राहिले त्या संध्याकाळी, "फीड किती ठेवला होतास? टूल सेंटरला होतं का?" असं विचारलं आणि मग तासभर आम्ही दोन कारागीर असल्यासारखे बोलत बसलो. तेव्हा ते जोदाजी होते. डिकन्सने पिपला दोन बाप दिले. एक म्हणतो, तू आहेस तसा माझा. दुसरा म्हणतो, मी झालो नाही ते तू हो. आपल्याकडे बहुतेक घरांत हे दोघं एकाच माणसाच्या शर्टात राहतात. म्हणून पिपच्या 'अपेक्षा' मला परक्या वाटत नाहीत. फी भरलेल्या प्रत्येक पावतीवर त्या असतात.

मॅगविचच्या तोंडून आणखी एक हकिगत कळते. तो आणि कॉम्पेसन नावाचा सुशिक्षित, रुबाबदार ठक एकाच गुन्ह्यात पकडले गेले. डोकं कॉम्पेसनचं, हमाली मॅगविचची. कोर्टात मात्र कॉम्पेसनचे कुरळे केस, काळा सूट आणि पांढरा रुमाल बोलले. त्याला सात वर्षं, मॅगविचला चौदा. जंटलमन दिसण्याची किंमत एवढी स्पष्ट आकड्यांत क्वचितच कुणी मांडली असेल. आणि शेवटचा टोला म्हणजे एस्टेला. जिच्या नजरेत भरावं म्हणून पिपला आपले हात लपवावेसे वाटले, ती मुळात कोण? या मॅगविचची आणि जॅगर्स वकिलाकडे घरकाम करणाऱ्या, एकदा खुनाच्या आरोपातून सुटलेल्या मॉलीची मुलगी! ज्या शिडीवर चढायला पिपने सगळं सोडलं, तिची वरची पायरी खालच्याच लाकडाची निघाली.

मग पिप वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? आपल्याकडे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे सेमिनार होतात, त्यात टाय कसा बांधायचा आणि शेकहँड किती घट्ट करायचा हे शिकवतात. त्या हिशेबाने पिपचं डेव्हलपमेंट लंडनमध्ये झकास झालं. एकविसाव्या वाढदिवसाला वर्षाचे पाचशे पौंड सुरू झाले, क्लब झाला, नोकर झाला, कर्जही झालं. आलेख काढला तर प्रतिष्ठेची रेघ वर आणि माणुसकीची रेघ खाली. पण डिकन्स इतका सोपा आलेख काढत नाही. त्याच उधळपट्टीच्या दिवसांत पिप मिळालेल्या पाचशेतले निम्मे पौंड गुपचूप हर्बर्टचा धंद्यात जम बसवण्यासाठी घालतो. हर्बर्टला पत्ताही लागू देत नाही. सगळं गेल्यावर टिकलं ते तेवढंच. पुढे त्याच पेढीत पिपला कारकुनाची नोकरी मिळते.

खरी वाढ दिसते ती मॅगविच पकडला गेल्यावर. पळून जाण्याचा बेत फसतो, तो जखमी होतो, त्याची सगळी संपत्ती सरकारजमा होणार हे नक्की होतं. म्हणजे आता या म्हाताऱ्याकडून मिळण्यासारखं काहीही उरलेलं नसतं. नेमका तेव्हा पिप त्याचा हात धरतो. बत्तीस जणांना एकदम फाशीची शिक्षा सुनावली जाते त्या भरलेल्या कोर्टात, सगळ्यांच्या देखत, तो आरोपीच्या कठड्याशी उभा राहून मॅगविचचा हात धरून असतो. ज्या हातांपासून शहारून मागे सरला होता, तेच हात. मला वाटतं, पुस्तकातला पिप त्या क्षणी जंटलमन होतो, आणि तेव्हा त्याच्या खिशात फक्त देणी असतात.

पुढे तो तापाने फणफणतो. १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सच्या कर्जासाठी अटक करायला माणसं येतात. शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी जोदाजी बसलेला. तो आता बिडीकडून लिहायला शिकलाय, आणि हातात पहार धरावी तसं पेन धरून पत्र लिहितोय! पिप बरा होऊ लागताच जोदाजी पुन्हा हळूहळू 'सर' म्हणू लागतो आणि एका सकाळी न सांगता निघून जातो. मागे ठेवतो ती कर्ज फेडल्याची पावती. पिप माफी मागायला आणि बिडीला लग्नाचं विचारायला गावी धावतो, तर तिचं आणि जोदाजीचं त्याच दिवशी लग्न झालेलं! (बहीण आधीच वारलेली असते.) हिंदी सिनेमात इथे सगळं जुळून आलं असतं. डिकन्स मात्र सुधारलेल्या माणसाला बक्षीस देत नाही. पिप कैरोला जातो, अकरा वर्षं साधी नोकरी करतो, कर्ज फेडतो.

शेवट डिकन्सने दोनदा लिहिला. पहिल्या शेवटात एस्टेलाचं दुसरं लग्न झालेलं असतं आणि दोघं लंडनच्या रस्त्यावर क्षणभर भेटून वेगळी होतात. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने तो बदलला, आणि छापलेल्या शेवटात दोघं वाड्याच्या भग्न जागेत भेटतात. कुठला शेवट चांगला यावर अजून वाद होतात. मला विचाराल तर दोन्हींत फारसा फरक नाही, कारण पिपचा निकाल आधीच लागलेला आहे.

पुढच्या वर्षी आपले कॅम्पस इंटरव्ह्यू. ऑफर लेटर आलं तर त्यावरचा आकडा माझ्या बाबांच्या आजच्या पगारापेक्षा मोठा असेल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच होणार आहे. त्यात वाईट काहीच नाही, तो आकडा आपल्या आईबाबांनीच मागितलेला आहे. पिप लंडनला गेला यात त्याचं चुकलं, असं डिकन्सही कुठे म्हणत नाही. लोहाराच्या पोराने लोहारच राहावं, असा या पुस्तकाचा अर्थ काढला तर तो एस्टेलाच्याच बाजूने काढल्यासारखा होईल. प्रश्न एवढाच आहे की नव्या मित्रांच्या घोळक्यात उभं असताना समोरून काळ्या, राकट हातांचं कुणी आपलं माणूस आलं, तर आपण किती पटकन ओळख दाखवतो. पिपला त्याचं उत्तर द्यायला पाचशेच्या आसपास पानं लागली. आपल्याला बहुधा दोन-तीन सेकंदच मिळतील.